आधी खडक बघा: भर पावसात रंध्याचे फोटो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुलैच्या शेवटी दोन दिवस भंडारदऱ्याला जाताय, मुख्य ओढ रंधा धबधब्याची. जवळ एपीएस-सी कॅमेरा, 18-55 (रुंद) आणि 55-250 (दूरचं जवळ आणणारी) मिलिमीटरच्या अशा दोन लेन्स आणि एक ट्रायपॉड आहे. गेल्या पावसाळ्यात काढलेले फोटो पांढरेफटक आले, धबधबा म्हणजे नुसता पिंजलेला कापूस, त्यात लेन्सवरच्या थेंबांचे डाग. म्हणून यंदा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश अडवणारी काळपट काच, घ्यायचाय, तर 6 स्टॉपचा घ्यावा की 10 स्टॉपचा? (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा.)

दोन्ही घेऊ नका. त्याच पैशांत एक बऱ्यापैकी सीपीएल, म्हणजे सर्क्युलर पोलरायझर, चकाकी कापणारा फिल्टर, घ्या आणि उरले तर एक मोठी छत्री. का ते सांगतो.

पावसाळी दुपारी दरीत प्रकाश किती असतो ते आधी बघू. आभाळ गच्च, दोन्ही बाजूंना काळे कडे. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100 आणि छिद्र एफ/8 ठेवलं तर शटर साधारण 1/30 सेकंदाच्या आसपास येतं. सीपीएल चढवला की तो दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो, म्हणजे 1/8. एफ/11 केलंत की 1/4. पाऊस जोरात आला की हेच अर्ध्या सेकंदावर जातं. बहुतेक धबधब्यांना याहून जास्त वेळ लागतच नाही. आता यावर 10 स्टॉपचा एनडी लावून बघा: पाव सेकंदाचे सव्वाचार मिनिटं होतात. तेवढ्या वेळात फिल्टरवर किती थेंब बसतील? शिवाय वाऱ्याने झाडं हलून त्यांचा हिरवा चिखल होईल तो वेगळाच. उन्हाळ्यात समुद्रकिनारी तो फिल्टर ठीक आहे. सह्याद्रीतला पाऊस स्वतःच तीन-चार स्टॉपचा एनडी घेऊन येतो.

पण तुमचे फोटो पांढरे येण्याचं खरं कारण शटर नाहीच. गेल्या वर्षीचा एखादा फोटो उघडा आणि धबधब्यावर बोट ठेवून तो झाका. उरलेल्या फोटोत काय दिसतं? माझा अंदाज, करडा, चकचकीत, पुसट खडक आणि वर पांढऱ्या आभाळाची पट्टी. पाणी पांढरं, आभाळ पांढरं आणि खडकावर आभाळाचंच प्रतिबिंब, म्हणजे तोही पांढरा. मग धबधबा उठून दिसणार कशावर? पाण्याला स्वतःचा आकार नसतो, तो खडक देतो. म्हणून मी दरीत पोचलो की पहिली दहा मिनिटं पाण्याकडे बघतच नाही. खडक कुठे काळा आहे, कुठे शेवाळ धरलंय, पायऱ्या कशा उतरल्यात एवढंच बघतो.

आपल्याकडचा खडक या बाबतीत फार उदार आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हा बेसाल्ट झाला. एक थर टणक, त्याच्या खालचा छिद्राळ आणि ठिसूळ. पाणी ठिसूळ थर आधी कोरतं आणि टणक थर कपाळपट्टीसारखा पुढे राहतो. त्यामुळे आपले कडे पायऱ्यापायऱ्यांचे आहेत आणि धबधबा एका दमात न पडता थांबत, फुटत, वळत उतरतो. त्या आडव्या रेघा फोटोत आल्या पाहिजेत, आणि ओला बेसाल्ट खरा काळा दिसला तरच त्या येतात.

तिथे सीपीएल लागतो. आभाळ निळं करायचा फिल्टर अशी त्याची ओळख झाल्यामुळे लोक तो पावसाळ्यात घरी ठेवतात. ओल्या खडकावरची आणि पानांवरची चकाकी हे आभाळाचं परावर्तन असतं आणि सीपीएल नेमकं तेच कापतो, ऊन असो वा नसो. जवळच्या कारवीच्या पानावर नजर ठेवून फिल्टरची कडी हळूहळू फिरवा. एका जागी पानावरचा पांढरा लेप सरकन निघून जाईल आणि खालचा गर्द हिरवा वर येईल. ओल्या पृष्ठभागाकडे तिरकं, साधारण 35-40 अंशांच्या कोनातून बघत असाल तेव्हा हा परिणाम सर्वांत जास्त मिळतो. सरळ वरून बघितलंत तर जवळजवळ काहीच होत नाही, म्हणून कॅमेरा लावायच्या आधी डोळ्यासमोर फिल्टर धरून थोडं इकडेतिकडे हिंडा.

एक मात्र सांभाळा. फिल्टर पूर्ण फिरवून सगळी चकाकी मारून टाकलीत की बेसाल्ट डांबरासारखा सपाट काळा होतो, त्याची गोलाई जाते. मी पूर्ण परिणाम मिळाला की कडी किंचित मागे घेतो. कडांवर चांदीची एक बारीक रेघ राहू द्यायची. ती रेघ ठेवायची की नाही हे मी प्रत्येक फोटोला नव्याने ठरवतो आणि निम्म्या वेळा घरी आल्यावर वाटतं की अजून थोडी ठेवायला हवी होती.

आता शटर. एकच आकडा सगळीकडे चालत नाही. कड्यावरून पाझरणारी बारीक धार, जिला आपण झारीचं पाणी म्हणू, तिला अर्धा ते एक सेकंद द्या, रेशमाचे धागे दिसतील. मध्यम ओढा असेल तर 1/8 ते 1/4. रंधा ऐन पुरात असेल तर पाव सेकंदातही तो पांढरा डाग होतो, कारण पाणी इतकं असतं की धाग्याला धागा चिकटतो. तिथे 1/30 च्या आसपास थोडी हालचाल आणि थोडं पोत दोन्ही मिळतात. नाहीतर सरळ 1/800 वर जा, आयएसओ 1600 करा आणि उसळलेले गोळे गोठवा. पुराचा धबधबा मऊ दाखवणं मला खोटं वाटतं. तिथे उभं राहिल्यावर छातीत धडधडतं, फोटोत मात्र तो दुलई होऊन येतो. छिद्र एफ/16 च्या पुढे नेऊ नका, एपीएस-सी सेन्सरवर बारकावे मऊ पडायला लागतात.

मोजमापाची गंमत अशी की एकाच जागी कॅमेरा दोन उलट्या चुका करतो. फ्रेममध्ये काळा कडा जास्त आणि धबधबा बारीक असेल तर कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो प्रकाश वाढवतो आणि पाणी जळतं, म्हणजे बारकावे जाऊन नुसतं पांढरं होतं. तिथे उणे 1 स्टॉप द्या. पाच मिनिटांत खालून धुकं वर आलं, सगळी फ्रेम दुधाळ झाली, की कॅमेऱ्याला वाटतं फार उजेड आहे, तो प्रकाश कमी करतो आणि धुकं राखेसारखं मळकट येतं. तिथे अधिक 1. म्हणून स्क्रीनवरच्या फोटोपेक्षा हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) आणि स्क्रीनवर जळलेल्या भागाची होणारी उघडझाप बघा. पाण्याच्या अगदी मधल्या उसळीत थोडं लुकलुकलं तर चालेल, अख्खी धार लुकलुकली तर फोटो गेला. फाइल रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) ठेवा आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, क्लाउडीवर बांधून टाका. ऑटोवर दर फोटोला हिरवा वेगळा येतो.

रंध्याबद्दल एक गोष्ट माहीत असलेली बरी, कारण ती तुमच्या तारखांशी जोडलेली आहे. प्रवरेवरचा हा धबधबा भंडारदरा धरणाच्या खाली आहे, धरणाजवळच्या शेंडी गावापासून साधारण 10 किलोमीटरवर, आणि सुमारे 170 फूट खाली घळीत पडतो. धरण 1926 चं, तेव्हाचं विल्सन डॅम. त्यामुळे रंध्याचं पाणी नुसत्या पावसावर नाही, वरून काय सोडतात त्यावर ठरतं. पण धरण भरायच्या आधीही रंधा जिवंत होतो, तो कृष्णवंतीमुळे. कळसूबाईच्या बाजूने येणाऱ्या या नदीवर वाकीचं छोटं धरण आहे. ते भरून वाहायला लागलं की पाणी भंडारदरा धरणाच्या खाली प्रवरेला मिळतं आणि रंध्यावर येतं. म्हणून निघण्याआधी ‘भंडारदरा किती टक्के भरलं’ याबरोबरच ‘वाकी ओसंडतंय का’ हेही शेंडीतल्या मुक्कामाच्या ठिकाणी विचारा. दोन्हीकडून पाणी असेल तर तुषारांच्या ढगात समोरचं दिसणारही नाही. फोटोसाठी मला वाकी ओसंडतंय पण भंडारदऱ्यातून मोठा विसर्ग नाही असे दिवस आवडतात, कारण तेव्हा धारेच्या दोन्ही बाजूंचा खडक उघडा असतो.

पाण्याचा रंगही बघा. सुरुवातीच्या पुराला ते चहासारखं गढूळ असतं. जुलैअखेर तुम्हाला बहुधा मिसळ रंग मिळेल: वर पांढरं, खाली डोहात तपकिरी. पुष्कळ जण तो तपकिरी रंग संगणकावर घालवतात. मला विचाराल तर राहू द्या, आषाढातली नदी तशीच असते.

आता थेंबांचं. माझा अर्धा दिवस फोटो काढण्यात आणि अर्धा पुसण्यात जातो. रंध्यावर पाऊस थांबलेला असला तरी घळीतून वर येणारा तुषार थांबत नाही आणि तो तुमच्या लेन्सच्या दिशेनेच येतो. छत्री पावसाला अडवते, खालून येणाऱ्याला नाही. माझी पद्धत अशी: फ्रेम लावून फोकस मॅन्युअलवर बांधून घेतो, टायमर 2 सेकंदांवर, लेन्सवर शॉवर कॅप. वाऱ्याकडे पाठ करून उभा राहतो. वारा झोताझोताने येतो, दोन झोतांच्या मध्ये काही सेकंद तुषार खाली बसतात. गालावरचं पाणी थांबलं की कॅप काढायची, बटण दाबायचं, फोटो झाला की पुन्हा कॅप. एका चांगल्या फ्रेमसाठी असे पंधरा-वीस प्रयत्न होतात. अधूनमधून फोटो स्क्रीनवर मोठा करून कोपरे तपासा. थेंब मधोमध बसला तर लगेच कळतं, कोपऱ्यात बसलेला घरी गेल्यावर दिसतो.

पुसायला मायक्रोफायबर एकदा ओला झाला की पाणी नुसतं पसरवतो. मी जुन्या, शंभरदा धुतलेल्या सुती पंच्याचे वीतभर तुकडे करून नेतो, दहा-बारा, झिपच्या पिशवीत कोरडे. एक भिजला की तो दुसऱ्या पिशवीत जातो, पुन्हा वापरायचा नाही. आधी ब्लोअरने थेंब उडवायचे, मग टिपायचं, घासायचं नाही. सीपीएल लावलेला असतो म्हणून पुसणं त्याच्यावर होतं, लेन्सच्या काचेवर नाही. त्यावर आणखी यूव्ही फिल्टर चढवू नका, दोघांच्या मध्ये वाफ कोंडते आणि ती तिथे पुसता येत नाही.

वाफेवरून आठवलं. पुण्या-मुंबईहून एसी लावून येता, गाडीचं दार उघडता, कॅमेरा काढता आणि लेन्सवर धुकं धरतं. शेवटचा अर्धा तास एसी बंद ठेवा, काचा थोड्या खाली करा, बॅग उघडी ठेवा. बाहेर पडल्यावर लेन्स बदलायची नाही. कोणती हवी ते गाडीतच ठरवा. कॅमेऱ्याला महागडा रेनकोट लागत नाही, एक जाडसर प्लास्टिकची पिशवी, लेन्सच्या टोकाला भोक पाडून हुडावर रबर बँडने आवळलेली, पुरते. त्या बाजूला आवणी करणाऱ्या बायका प्लास्टिकचं इरलं डोक्यावरून पाठीवर सोडतात आणि त्यांचे दोन्ही हात मोकळे राहतात. त्यांच्याकडे बघूनच मी छत्री हातात धरणं सोडलं. आता तिचा दांडा बॅगेच्या पट्ट्याला दोन ठिकाणी बांधतो.

ट्रायपॉड ओढ्यात ठेवायची वेळ आली तर सगळ्यात खालचा, बारीक भाग आधी पूर्ण उघडा. एरवी उलटं करतात, पण असं केलं की कुलपं पाण्याच्या वर राहतात आणि त्यात वाळू जात नाही. मधला दांडा वर काढू नका. बॅग खाली लटकवली तर ती जमिनीला टेकू द्या, लोंबकळणारी बॅग वाऱ्यात झुलून ट्रायपॉडच हलवते. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद करा. आणि वाहत्या पाण्यात पाय असले की ट्रायपॉड थरथरतो, तो डोळ्यांना दिसत नाही, फोटोत दिसतो. शक्यतो तिन्ही पाय दगडावरच घ्या.

हे ओढ्यांबद्दल. रंध्यावर खाली घळीत उतरायचा विचारसुद्धा करू नका. तो कठड्याच्या आतून, वरून काढायचा धबधबा आहे. छोट्या ओढ्यात उतरलात तरी आधी एक खूण धरा: पाण्याच्या काठावरचा, वर थोडासा कोरडा असलेला एखादा दगड. दर फोटोनंतर त्याच्याकडे बघायचं. तो बुडाला की सामान गोळा करायचं. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या आणि पाला वाहून यायला लागला किंवा आवाजाचा सूर खाली उतरला, तर सामानही गोळा करत बसू नका.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. काही वर्षांपूर्वी अशाच एका ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभा होतो. माथ्यावर पाऊस चालू होता, मी होतो तिथे नुसती भुरभुर. वरच्या खाचरातून एक म्हातारबाबा ओरडले, “ओ दादा, पानी फिरलं, वर या!” मी हात केला, म्हटलं एवढा एक फोटो. शटर उघडं असतानाच पाण्याचा रंग बदलला. मी दोन पावलं काठाकडे टाकली असतील, तोवर मांडीपर्यंत पाणी आलं. ट्रायपॉड आणि कॅमेरा हातात राहिले, दगडावर ठेवलेली बॅग गेली. तिच्यात दोन लेन्स होत्या. बाबा खाली आले, काही बोलले नाहीत, तंबाखू मळत तिथेच बसून राहिले. मला वाटतं माझे पाय कापायचे थांबेपर्यंत ते थांबले होते.

म्हणून तुमची 55-250 लेन्स मुख्य समजा, 18-55 दुय्यम. धबधबा म्हटलं की सगळे रुंद लेन्स घेऊन जवळ जातात. जवळ गेलं की तुषार, घसरडं, आणि फ्रेममध्ये निम्मं आभाळ. त्याऐवजी जलाशयाला वळसा घालणाऱ्या रस्त्याने मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी असं फिरा. समोरच्या कड्यावर दहा-बारा धारा एकदम लटकलेल्या दिसतात. 150 ते 200 मिलिमीटरवर त्यातली एक वेचा: दोन काळे थर, मध्ये एक पांढरी रेघ, खाली हिरवळीचा तुकडा. आभाळाचा एक कणही नको. मोठं दृश्य एवढंएवढं कापून काढायला मन घट्ट करावं लागतं, पण पावसाळ्यातले माझे जपून ठेवलेले बहुतेक फोटो असेच आहेत. रतनवाडीला अमृतेश्वराच्या मंदिरापाशी थांबा, ओला कोरीव दगड आणि सीपीएल ही जोडी तिथेही जमते. साम्रदला जाऊन सांदण दरीत उतरायचा मोह होईल, तो पुढच्या हिवाळ्यासाठी ठेवा. पावसात ती दरी म्हणजे पाण्याची नळी असते.

घाटघरच्या कोकणकड्यावर वारा खालून वर येत असेल तर पडणारी धार उलटी उडताना दिसेल, नाणेघाटात दिसते तशी. तिथे 1/4 सेकंदाचं सगळं शास्त्र विसरा. 1/250 किंवा त्याहून जलद जा, नाहीतर उलटं पाणी आणि धुकं यात फरकच दिसणार नाही. कड्यापासून अंतर ठेवा, वर येणारा वारा थांबला की पाय पुढे जातो. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, नाक्यावर प्रवेश शुल्काची पावती घ्यावी लागते, आणि ड्रोन परवानगीशिवाय आणू नका. गर्दी टाळायची तर शनिवार-रविवार सोडून जा. तेच जमत नसेल तर सकाळी सहाला रंध्यावर असा.

मुक्कामी परतल्यावर चहाच्या आधी कॅमेरा. बाहेरून पुसा, बॅटरी आणि कार्ड काढा, झाकणं उघडी ठेवा, झूम पूर्ण बाहेर काढून पंख्याखाली ठेवा. ट्रायपॉडची कुलपं सोडवून आतलं पाणी झटका. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवू नका, पिठासारखी धूळ आत जाते. घरी आल्यावर लेन्स चामड्याच्या किंवा कापडी पाऊचमध्ये परत गेली की श्रावण संपेपर्यंत काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते, आणि ती काढायचा खर्च किट लेन्सच्या किमतीला भिडतो. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, तळाशी सिलिका जेल आणि आत आर्द्रता मोजायचं छोटं मीटर ठेवा. काटा 40 ते 50 टक्क्यांत राहू द्या. निळं जेल गुलाबी झालं की ते जुन्या पत्र्यावर मंद आचेवर निळं होईपर्यंत तापवायचं. स्वयंपाकाच्या तव्यावर नाही, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं.